औषधाला मंजुरी मिळेना? 'बसत नाही' हे तोंडी ऐकून घरी येऊ नका, नकार कागदावर घ्या

धरणगाव (प्रतिनिधी) : "हे इंजेक्शन योजनेत बसत नाही, बाहेरून आणा." जळगाव, धुळे, नाशिक किंवा पुण्याच्या दवाखान्यात पेशंट घेऊन गेलेल्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. ते ऐकून माणूस खिशात हात घालतो, नाहीतर पाहुण्यांना फोन लावतो. कोणी घरातला कापूस येईल त्या भावात विकतो, कोणी सोनं गहाण ठेवतो. पण 'बसत नाही' हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं आणि कोणत्या कारणानं ठरवलं, हे फार थोडे जण विचारतात.

हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. बऱ्याच वेळा नकार आलेलाच नसतो, एखादा कागद अडकलेला असतो. सरकारी योजना असो की हप्ता भरून घेतलेला विमा, औषधाची मंजुरी कशी होते, कुठे अडकते आणि अडकली तर काय करायचं, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

आधी बघा, तुमचं संरक्षण कोणतं

आपल्या तालुक्यात साधारण चार प्रकार दिसतात.

१) महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही योजना २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत आपल्या शेजारचा धुळे जिल्हा होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात आली आणि जळगावलाही लागू झाली. २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आधी पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं आणि पांढरं रेशन कार्डही चालू लागलं. "आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला नाही मिळत" असं अजून पुष्कळ जण म्हणतात. ती जुनी गोष्ट झाली.

२) आयुष्मान भारत, म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. सप्टेंबर २०१८ पासून देशात सुरू. आपल्या राज्यात १ एप्रिल २०२० पासून फुले योजनेसोबत एकत्र चालते. ७० वर्षांवरच्या सर्व ज्येष्ठांना उत्पन्न न बघता 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे.

३) ईएसआय. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांच्या पगारातून ०.७५ टक्के कपात होते ती हीच. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना लागू. यात कुटुंबाला ओपीडीची औषधंही मिळतात. पगारपत्रकावर कपात दिसत असेल तर हा हक्क वापरा.

४) खासगी किंवा सरकारी विमा कंपनीची पॉलिसी, स्वतः हप्ता भरून घेतलेली किंवा बँकेमार्फत काढलेली.

यातलं कोणतं आपल्याकडे आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर शोधाशोध नको.

योजना औषधाला मंजुरी देत नाही, उपचाराला देते

ही गोष्ट समजली की निम्मा गोंधळ मिटतो. फुले योजनेत आणि आयुष्मानमध्ये आजारांच्या उपचारांची यादी आहे. यादीतल्या प्रत्येक उपचाराला 'पॅकेज' म्हणतात. २०२४ मध्ये संरक्षण वाढलं तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. ही यादी वेळोवेळी बदलते. पॅकेजच्या रकमेत खाट, तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण हे सगळं धरलेलं असतं. म्हणजे पॅकेज मंजूर झालं की त्यातलं औषध दवाखान्याने द्यायचं, वेगळी पावती फाडायची नाही.

डिस्चार्ज झाल्यानंतर १० दिवसांपर्यंतची औषधंही फुले योजनेच्या पॅकेजमध्ये धरलेली आहेत. घरी जाताना "गोळ्या मेडिकलवरून घ्या" असं सांगितलं, तर हा नियम नम्रपणे दाखवा.

पण बीपी, शुगर, थायरॉईड, दमा यांच्या रोजच्या गोळ्या, म्हणजे ॲडमिट न होता घ्यायची औषधं, या योजनेत येत नाहीत. त्यासाठी मंजुरी मागत बसण्यात अर्थ नाही. ती गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि धरणगावच्या ग्रामीण रुग्णालयात घ्यायची. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरचेही पैसे नाहीत.

कॅन्सरची केमोथेरपी मात्र योजनेत येते. कोणत्या अवयवाचा कॅन्सर, कोणती औषधं, किती डोस, अशी वेगवेगळी पॅकेज आहेत. महागड्या औषधाची सगळी ओढाताण इथेच होते.

मंजुरीचा रस्ता असा असतो

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो. पेशंटला घेऊन पहिल्यांदा त्याच्याकडे जायचं. रेशन कार्ड, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, आयुष्मान कार्ड असेल तर ते, हे सगळं दाखवून नोंदणी करायची. नोंदणीचा नंबर लगेच डायरीत लिहून घ्यायचा.

मग डॉक्टर तपासून उपचार ठरवतात. दवाखाना ऑनलाईन मंजुरी मागतो, त्याला 'प्रीऑथ' म्हणतात. सोबत रिपोर्ट, फोटो, डॉक्टरांची नोंद जाते. तिकडे बसलेले डॉक्टर ते तपासतात. मग तीनपैकी एक होतं : मंजूर, क्वेरी किंवा रिजेक्ट.

तातडीची केस असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर ७२ तासांत जमा करता येतात. "कागद नाहीत म्हणून थांबा" हे उत्तर अपघात, हार्ट अटॅक अशा वेळी ऐकून घेऊ नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरू आणि नंतर बिलं देऊन पैसे परत घेऊ, हे या योजनेत चालत नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी आणि डिस्चार्जच्या आधी नोंदणी झालीच पाहिजे.

'क्वेरी' म्हणजे नकार नाही

क्वेरी म्हणजे तिकडून आलेला प्रश्न. अमुक रिपोर्ट दिसत नाही, तमुक तारीख जुळत नाही, सही नाही. उत्तर द्यायचं काम दवाखान्याचं असतं. ते दिलं नाही तर केस तशीच पडून राहते आणि पेशंटला सांगितलं जातं, "अजून अप्रूव्हल आलं नाही."

आमच्याच घरातलं सांगतो. वहिनींना स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, नंतर दर २१ दिवसांनी घ्यायचं एक महाग इंजेक्शन डॉक्टरांनी लिहून दिलं. मोठ्या शहरातला खासगी दवाखाना होता, नाव लिहीत नाही. काउंटरवर सांगितलं, योजनेत बसत नाही. भाव यायची वाट न बघता कापूस विकून दोन इंजेक्शनं विकत घेतली. तिसऱ्या वेळी भावाने लेखी कारण मागितलं. तेव्हा कॉम्प्युटरवर बघितलं तर रिजेक्ट नव्हतंच, क्वेरी होती आणि ती ११ दिवसांपासून पडून होती. बायोप्सीवर केलेल्या 'आयएचसी' तपासणीत निकाल '२ प्लस' होता. हा निकाल अधांतरी असतो, म्हणून 'फिश' नावाच्या पुढच्या तपासणीचा रिपोर्ट मागितला होता. तो रिपोर्ट आमच्या फाईलमध्येच होता, कोणी अपलोड केला नव्हता. तो टाकला आणि मंजुरी आली. आधीच्या दोन इंजेक्शनांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

पैशांचं एकवेळ सोडा. कॅन्सरच्या औषधाला ठरलेला दिवस असतो. कागद अडकला म्हणून डोस पुढे गेला तर आजार थांबून राहत नाही. म्हणून रोज सकाळी आरोग्यमित्राला एकच प्रश्न विचारा : "आज स्टेटस काय? क्वेरी असेल तर कोणती?"

खरंच रिजेक्ट झालं तर कारण बघा

साधारण ही कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

*नाव जुळत नाही.* रेशन कार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं. लहान बाळाचं नाव चढवलेलंच नाही. यासाठी तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत दुरुस्ती करावी लागते. हे काम आजारपणाआधी करून ठेवायचं आहे. नवजात बाळासाठी जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा.

*उपचार सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहे.* यादीतले काही उपचार फक्त सरकारी दवाखान्यातच मंजूर होतात. खासगीने मागितले तर नकार ठरलेला. अशा वेळी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

*दवाखाना त्या आजारासाठी नोंदलेला नाही.* दवाखाना योजनेत आहे, पण फक्त हाडांच्या आजारासाठी, असं असू शकतं. जाण्याआधी हेल्पलाईनवर विचारून घ्या.

*पुरावा अपुरा.* आजार सिद्ध करणारा रिपोर्ट नाही. डॉक्टरांना विचारून तो जोडा आणि पुन्हा पाठवायला सांगा.

*औषध यादीतच नाही.* हा खरा नकार. इथे डॉक्टरांना शांतपणे दोन प्रश्न विचारा. यादीतल्या पॅकेजमधलं दुसरं औषध या आजाराला चालेल का? चालत नसेल तर का, हे लिहून द्याल का? दुसऱ्या प्रश्नाचं लेखी उत्तर पुढे प्रत्येक ठिकाणी कामाला येतं.

अर्ज असा लिहा

साध्या कागदावर, दोन प्रती. एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या.

"प्रति, मा. वैद्यकीय अधीक्षक. विषय : औषधाच्या मंजुरीबाबत लेखी माहिती मिळणेबाबत. महोदय, माझे नातेवाईक (नाव, वय) आपल्याकडे (तारीख) पासून उपचार घेत आहेत. नोंदणी क्रमांक (...). डॉक्टरांनी (औषधाचे नाव) लिहून दिले आहे. हे औषध योजनेत मिळणार नाही असे तोंडी सांगण्यात आले. तरी १) मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवला का, कोणत्या तारखेला, २) त्यावर क्वेरी किंवा नकार आला असल्यास त्याची प्रत, ३) उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. पुढील डोसची तारीख (...) आहे. आपला, (सही, मोबाईल)."

पुढील डोसची तारीख लिहायला विसरू नका. मागितल्यावर ७२ तासांत उपचाराचे कागद द्यायचे, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ चा नियम आहे. अर्ज दिला की बऱ्याचदा त्याच दिवशी हालचाल होते, कारण तोंडी बोलणं कोणी नाकारू शकतो, शिक्का मारलेली पोच कशी नाकारणार?

दवाखान्यात ऐकत नसतील तर

फुले योजनेची हेल्पलाईन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मानची १४५५५. तक्रार केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या, नाहीतर त्या फोनला काही अर्थ राहत नाही.

पुढची पायरी योजनेचा जिल्हा समन्वयक. त्याचा नंबर आरोग्यमित्र देतो. त्याच्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा तक्रार निवारण समिती आहे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा, सोबत दवाखान्यात दिलेल्या अर्जाची पोच जोडायची. योजना राज्यात चालवते ती राज्य आरोग्य हमी सोसायटी, तिचं कार्यालय मुंबईत वरळीला आहे.

माहिती अधिकारही वापरता येतो. साधारण उत्तराला ३० दिवस लागतात, पण माणसाच्या जीविताचा प्रश्न असेल तर कायद्याच्या कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांत माहिती द्यावी लागते. अर्जावर वर ठळक लिहा : "जीविताशी संबंधित". फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ.

योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी दवाखान्याने वेगळे पैसे घेतले असतील तर पावती जपा. पावती देत नसतील तर ऑनलाईन पैसे द्या, म्हणजे पुरावा राहतो.

हप्ता भरून घेतलेला विमा असेल तर

विमा कंपन्यांवर 'आयआरडीए' या संस्थेचं नियंत्रण आहे. तिने २०२४ मध्ये नियम घट्ट केले. ते असे :

– कॅशलेसची मागणी आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत.

– क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या समितीने तो तपासलेला पाहिजे आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला ते लेखी सांगायला पाहिजे.

– आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

– सलग पाच वर्षं हप्ता भरला असेल तर "आजार लपवला" असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध केली तरच अपवाद.

औषधांबाबत एक नियम फार कमी लोकांना माहीत आहे. २०१९ मध्ये आयआरडीएने बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आणि ते विम्यातून सरसकट वगळायला बंदी केली. त्यात कॅन्सरच्या तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या, इंजेक्शनने दिली जाणारी इम्युनोथेरपी आणि डोळ्यात द्यायचं इंजेक्शन आहे. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, ती पॉलिसीत लिहिलेली असते. त्यामुळे "गोळी आहे, ॲडमिट नाही, म्हणून मिळणार नाही" असं उत्तर आलं तर या नियमाचा उल्लेख करून लेखी कारण मागा.

नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. एक महिना वाट बघा. उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या जळगाव–धुळ्यासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. लोकपालाचा निर्णय कंपनीला पाळावा लागतो. आयआरडीएची हेल्पलाईन १५५२५५ आहे आणि 'बिमा भरोसा' या पोर्टलवरही तक्रार टाकता येते.

दुसरा रस्ता जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. मुदत दोन वर्षं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

तरीही मंजुरी नाहीच मिळाली तर

*औषधाचं मूळ नाव विचारा.* कंपनीचं नाव वेगळं, औषधाचं वेगळं. किंमत किती बदलते याचं एक उदाहरण : लिव्हर आणि किडनीच्या कॅन्सरवरचं सोराफेनिब हे औषध बायर कंपनी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना विकत होती. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको या भारतीय कंपनीला ते बनवायचा सक्तीचा परवाना मिळाला, दर ठरला महिन्याला ८ हजार ८८०. बायर मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण २०१४ मध्ये तिथेही परवाना कायम राहिला. म्हणून डॉक्टरांना विचारा की याचं जेनेरिक मिळतं का, आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा.

*धर्मादाय दवाखाने.* मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. पुण्या-मुंबईचे कितीतरी मोठे दवाखाने यात येतात. तिथे समाजसेवा अधीक्षक, म्हणजे 'एमएसडब्ल्यू' यांना भेटा.

*मुख्यमंत्री सहायता निधी.* याचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातही आहे. इथे दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि योजनेत उपचार बसत नाही हे दाखवावं लागतं. वर सांगितलेला लेखी नकार इथे उपयोगी पडतो.

*दुर्मिळ आजार.* २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाप्रमाणे ठरावीक आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्याचं एक केंद्र आहे.

घरात एक फाईल ठेवा

साधी पाच-दहा रुपयांची फाईल. त्यात रेशन कार्ड, सगळ्यांचे आधार, आयुष्मान कार्ड, विमा पॉलिसीची पूर्ण प्रत, उत्पन्नाचा दाखला, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे. बायोप्सीचा रिपोर्ट कधीही मूळ देऊ नका, झेरॉक्स द्या. सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा. कोणाशी बोललो, काय म्हणाले, कोणत्या तारखेला, हे मागच्या पानावर लिहीत जा.

सातबारा आणि पीक विम्याचे कागद आपण जसे जपतो, तसेच हेही जपा. पीक विम्यात कागद कमी पडला तर एक हंगाम जातो. इथे घरातला माणूस जाऊ शकतो.

आज रात्री एवढं करा : रेशन कार्ड आणि आधार काढा, घरातल्या प्रत्येकाचं नाव दोन्हीकडे सारखं आहे का बघा. फरक असेल तर या आठवड्यात तहसीलला चक्कर मारा.